सिग्नल ‘सिंक्रोनाइझ’ करून कोंडी सुटते का?

पुण्यात कोथरूडमधल्या कुठल्याही सोसायटीच्या बैठकीत वाहतुकीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, “कर्वे रस्त्याचे सगळे सिग्नल नुसते सिंक्रोनाइझ करा हो, आता तर एआय आहे!” म्हणणारे बहुधा निवृत्त इंजिनिअर असतात, म्हणून बाकीचे माना डोलावतात. इंजिनिअरांनी तरी आधी एक भागाकार करून पाहावा.

चौकातला एकूण खोळंबा कमीत कमी राहावा यासाठी सिग्नलचं आवर्तन किती सेकंदांचं हवं, याचं सूत्र एफ. व्ही. वेबस्टर यांनी 1958 साली ब्रिटनमध्ये मांडलं. दिवे बदलताना वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करा, त्यात पाच मिळवा आणि ‘एक वजा चौकावरचा भार’ याने भागा. भार म्हणजे येणारी वाहनं आणि सुटू शकणारी वाहनं यांचं प्रमाण. चार बाजू आळीपाळीने सोडताना दर वेळी चार सेकंद गेले, तर एकूण 16 गेले आणि भाज्य झाला 29. भार 80 टक्के असेल तर आवर्तन 145 सेकंदांचं येतं, 90 टक्क्यांना 290, 95 टक्क्यांना 580, म्हणजे जवळजवळ दहा मिनिटं! 100 टक्क्यांना भाजक शून्य होतो आणि उत्तरच उरत नाही. येणारी वाहनं सुटणाऱ्यांपेक्षा जास्त झाली की सेकंद कसेही वाटा, रांग वाढणारच. एआयला हाच चौक, हेच सेकंद वाटायचे असतात.

बरं, सिंक्रोनाइझ कोणत्या दिशेने करायचं? दोन चौकांत 400 मीटर अंतर आणि ताशी 40 किलोमीटर वेग धरला, तर मधला वेळ 36 सेकंद. पुढचा दिवा 36 सेकंद उशिरा हिरवा केला की डेक्कनकडे जाणारे खूश. परतणाऱ्यांनाही हिरवा मिळायचा तर आवर्तन 72 सेकंदांच्या आसपास हवं. ते 120 झालं आणि हिरवा एक मिनिटाचा असला, की परतणाऱ्यांच्या नशिबी लाल. शिवाय सगळे चौक सारख्या अंतरावर नसतात, आणि वाटेतल्या नळ स्टॉप चौकात लॉ कॉलेज रस्त्याने व म्हात्रे पुलावरून येणारेही पुणेकरच असतात.

म्हणजे असे सिग्नल निरुपयोगी का? मुळीच नाही. पुण्यात स्मार्ट सिटीतून आलेल्या, वाहनं मोजून वेळ बदलणाऱ्या सिग्नलांचा फायदा चौकात थोडी सवड असते तेव्हा होतो: दुपारी आडवा रस्ता रिकामा असताना तिथला हिरवा वेळीच संपवता येतो. पण परदेशी पद्धत जशीच्या तशी उचलून चालत नाही. तिथे वाहनं लेनमध्ये एकामागे एक उभी असल्याचं गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे दुचाक्या फटीफटीतून पुढे येऊन झेब्रा पट्ट्यांवरच ठाण मांडतात. अशा मिश्र वाहतुकीसाठी सी-डॅकच्या तिरुअनंतपुरम केंद्राने ‘कॉसिकॉस्ट’ ही वेगळी पद्धत तयार केली.

त्याहून अवघड प्रश्न म्हणजे खोळंबा कोणाचा कमी करायचा. वाहनं मोजली तर पन्नास प्रवाशांची पीएमपी बस दोन-तीन मोटारींएवढी ठरते. माणसं मोजली तर तिचा हक्क कितीतरी मोठा. पादचाऱ्याचा वेग हिशेबात बहुधा सेकंदाला 1.2 मीटर धरतात. 24 मीटरचा रस्ता त्या वेगाने 20 सेकंदांत ओलांडता येतो, पण 0.8 मीटरने चालणाऱ्या आजींना 30 लागतात. हे दहा सेकंद द्यायचे की नाही, हे संगणक ठरवत नाही. तो माणसांनी घालून दिलेली अट पाळतो.

‘संगणक सगळे पर्याय तपासून सर्वोत्तम निवडतो’ हाही एक भ्रम. पहिल्या चौकाच्या मागे दहा सिग्नल, प्रत्येकाला 90 सेकंदांतला एक क्षण निवडायचा, तर सेकंदाला अब्ज पर्याय तपासूनही अकराशे वर्षं लागतील. म्हणून पुरेसं चांगलं उत्तर मिळालं की थांबतात.

मग सिग्नलऐवजी नवा रस्ताच करावा? तो झाला की कोंडी घटतेच असं नाही. उलटही होऊ शकतं, हे डीट्रिश ब्रेस यांनी 1968 सालीच गणिताने दाखवलं.

आणि दिव्याशेजारी उरलेल्या सेकंदांचा आकडा दिसत नाही म्हणजे सिग्नल बिघडला, असंही समजू नका. वाहनं बघून वेळ बदलणाऱ्या सिग्नलला हिरवा नेमका कधी संपणार, हे आधी माहीतच नसतं.