करंडकातला 'ख'

जर्मनीतली मानाची फुटबॉल स्पर्धा म्हणजे 'डीएफबी पोकाल'. पोलंडमध्ये करंडक 'पुखार', चेक लोकांचा 'पोहार', क्रोएशियात 'पेहार'. चारही मुळात पिण्याचे पेले. ही सख्खी भावंडं असणार, असं एका वाचकाचं म्हणणं.

तीन आहेत, पोकाल नाही. त्या तिघांचं चौथं भावंड आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत बसलं आहे: बीकर!

मध्ययुगीन लॅटिनमधला 'बिकारियुम' जर्मानिक भाषांत शिरला. उत्तरेत त्याचा 'क' टिकला. जुन्या नॉर्समधून तो इंग्रजीत आला, आइसलँडमध्ये करंडक अजूनही 'बिकार'च आहे. दक्षिणेकडच्या जर्मन बोलींत मात्र स्वरानंतरचा 'क' घासून 'ख' झाला. एकट्या पेल्याचा नव्हे, सरसकट: इंग्रजी 'बुक', जर्मन 'बूख'. शिवाय बव्हेरियाकडे 'ब'चा उच्चार 'प'कडे झुकतो. पुखार, पोहार, पेहार यांत या दोन्ही खुणा आहेत. म्हणजे स्लाव्ह लोकांनी पेला दक्षिणेतल्या जर्मन शेजाऱ्यांकडून घेतला, तोही 'क'चा 'ख' झाल्यावर. पुरलेल्या हंड्यात शिवराई निघाली, तर तो हंडा शिवकाळाआधी पुरलेला असूच शकत नाही, तसंच हे.

पोकाल इटालियन 'बोक्काले'वरून सोळाव्या शतकात आला. तोवर 'क' घासायचं जर्मनांनी केव्हाच थांबवलं होतं, म्हणून त्याचा 'क' शाबूत!

ध्वनी असे नेमाने बदलतात, याचं श्रेय पाठ्यपुस्तकं परीकथावाल्या याकोब ग्रिमला देतात. त्याने १८२२ मध्ये जर्मानिक भाषांतले हे बदल एका साखळीत ओवले, हे खरंच. पण ग्रीक-लॅटिन आणि जर्मानिक व्यंजनांचा नेमका मेळ डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्येच छापला होता. नियमाला नाव मात्र ग्रिमचं. मला हे कधीच पटलेलं नाही.

ग्रिमने १८२२ मध्ये हे मांडलं, तेव्हा रास्क युरोपात नव्हताच. १८२० मध्ये तो मुंबईत येऊन पारशांकडून अवेस्ता या त्यांच्या धर्मग्रंथाची हस्तलिखितं मिळवत होता. १८२३ मध्ये तो परतला, हस्तलिखितं कोपनहेगनला गेली. अवेस्ताची भाषा बनावट आहे, असं म्हणणारे विद्वान तेव्हा होते. रास्कने ती खरी, प्राचीन आणि संस्कृतची वेगळी बहीण असल्याचं दाखवून दिलं.