जोडीतला एक ससा गेला, तर मागे राहिलेल्याला जपा



गाईगुरे, कोंबड्या, डुकरे यांच्याविषयी आपण नेहमी बोलतो. आज एका लहान जिवाविषयी लिहीत आहोत, आणि सुरुवात आमच्या चुकीपासून करीत आहोत.

काही वर्षांपूर्वी चर्चच्या मागच्या पडवीत आम्ही दोन ससे पाळले होते. ढवळी आणि काजळी, दोघी बहिणी. भर पावसाळ्यात एका रात्री काजळी मेली. सकाळी आम्ही तिला माडाखाली पुरले, पिंजरा धुतला, ढवळीपुढे पावाचे तुकडे टाकले आणि आपल्या कामाला लागलो. "मुके जनावर, दोन दिवसांत विसरेल," असे आम्हीच म्हणालो. तिसऱ्या दिवशी ढवळी कोपऱ्यात पाठ वाकवून बसलेली दिसली. पाव तसाच पडला होता, पिंजऱ्याखाली एकही लेंडी नव्हती. डॉक्टरांकडे नेईपर्यंत तीही गेली. पहिली कशाने गेली ते समजले नाही. दुसरी मात्र आमच्या अज्ञानाने गेली.

आपल्यापैकी ज्यांनी जोत धरले आहे त्यांना नवल वाटणार नाही. जोडीचा बैल गेल्यावर मागे राहिलेला बैल गव्हाणीला तोंड लावत नाही, हे आपण पाहिले आहे. पण सशाविषयी आपला समज वेगळा असतो, कारण हरमलच्या डोंगरावर संध्याकाळी दिसणारा ससा एकटाच असतो. तो रानससा निराळा. तो बीळ खणत नाही. त्याची पिल्ले अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पाळीव ससा हा स्पेन-पोर्तुगालकडच्या बिळांत राहणाऱ्या सशाचा वंशज आहे. त्याची पिल्ले उघडी व आंधळी जन्मतात आणि तो समूहात वाढतो. एकमेकांचे अंग चाटणे, एकमेकांना टेकून झोपणे हे त्याचे रोजचे जीवन. स्वित्झर्लंडने २००८ साली केलेल्या प्राणिसंरक्षण नियमांत गिनीपिगसारखे सोबतीने राहणारे प्राणी एकेकटे ठेवण्यास मनाई केली, ती याच विचाराने.

सशाला मरण कळते की नाही, हा वाद आम्ही घालीत नाही. त्याचे पोट बंद पडते, एवढे मात्र खरे. सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते आणि त्याला ओकता येत नाही. खाणे थांबले की आतडे मंदावते, पोटात वायू धरतो, दुखू लागते, आणि दुखते म्हणून तो आणखी खात नाही. अशा रीतीने दुःखाचा आजार होतो.

तेव्हा जोडीतला एक गेला, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. मेलेला ससा लगेच उचलून नेऊ नये. तासभर दुसऱ्याजवळ ठेवावा. तो हुंगेल, चाटेल, जवळ बसेल आणि मग आपणच दूर होईल. असे केल्याने मागचा जोडीदाराला शोधत राहण्याचे प्रमाण कमी होते, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. मात्र हगवण किंवा नाक वाहणे असे रोगाचे लक्षण असेल, तर मेलेल्याला ताबडतोब वेगळे करावे.

२. लेंड्या रोज पाहाव्यात. ताजे व सुके गवत सदैव पुढे असावे. कोथिंबीर, तुळस, जास्वंदीची पाने पाण्यात बुडवून ओलीच द्यावीत. पाव, बिस्किटे, भात देऊ नये. बारा तास खाल्ले नाही किंवा लेंडी पडली नाही, पोट घट्ट लागले किंवा दात करकरू लागले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. उद्यावर टाकू नये.

३. घरातले औषध देऊ नये. आपल्यासाठी आणलेली अमॉक्सिसिलिनची गोळी सशाला पाजली, तर आतड्यातील उपयोगी जंतू मरून ससा दगावतो. कुत्र्यांच्या पिसवांसाठी वापरतात ते फिप्रोनिलचे औषधही त्याच्या अंगाला लावू नये.

४. पिंजऱ्याची जागा लगेच बदलू नये. रोग नसेल तर जोडीदाराच्या वासाचे गोणपाट काही दिवस राहू द्यावे. ससा पहाटे व तिन्हीसांजेला जागा असतो. त्या वेळी घरातील कोणीतरी जमिनीवर शेजारी बसावे. उचलण्याची घाई नको.

५. नवा सोबती आणण्याआधी पहिला कशाने गेला ते डॉक्टरांना विचारावे. पावसाळ्याच्या दमट हवेत कॉक्सिडिओसिसची हगवण झपाट्याने पसरते. तसे असेल तर पिंजरा घासून, उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवावा.

६. नव्या सशाला थेट जुन्याच्या पिंजऱ्यात टाकू नये. रक्त निघेपर्यंत भांडतील. आधी दोन पिंजरे जाळीला जाळी ठेवून शेजारी ठेवावेत, अंथरूण अदलाबदल करावे. मग दोघांच्याही ओळखीची नसलेल्या जागी रोज दहा-पंधरा मिनिटे, आपल्या नजरेखाली सोडावेत. याला कित्येक आठवडे लागू शकतात. खच्ची केलेला नर व मादी यांची जोडी सर्वांत चांगली जमते. शस्त्रक्रियेनंतरही नर काही आठवडे फळवू शकतो, म्हणून तेवढे थांबावे. नाहीतर महिन्याला पिल्लांची रांग लागेल!

गेल्या वर्षी आपल्याच वाड्यावरची एक शाळकरी मुलगी दारात येऊन उभी राहिली. "फादर, आमचो एक ससो मेलो, दुसरो जेवना." या वेळी आम्ही "विसरेल" म्हणालो नाही. त्याच दुपारी तिच्या वडिलांनी ससा टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेला. परत आल्यावर ती रात्रभर ओली कोथिंबीर घेऊन त्याच्यापाशी बसली. पहाटे तिने आईला हाक मारून उठवले: पिंजऱ्याखाली चार लेंड्या पडल्या होत्या.

चार लेंड्यांचा एवढा आनंद त्या घराला कधी झाला नसेल. आज तो ससा नव्या सोबत्याला टेकून झोपतो. आपल्या पडवीतील एकट्या जिवाकडे आज सांजेला जरा वाकून पाहा.