शिकारीच्या हंगामात कुत्र्याला नारिंगी जॅकेट

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १५ ते ३० नोव्हेंबर या काळात बंदुकीने हरणांची शिकार चालते. झुडपांआडून पळणारा तपकिरी कुत्रा पहाटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या अंधूक उजेडात हरणासारखाच भासतो. म्हणून त्याला भडक नारिंगी जॅकेट घालतात. हा रंग माणसाच्या नजरेत लगेच भरतो. हरणाला मात्र लाल-नारिंगी छटा नीट ओळखता येत नाहीत, त्यामुळे शिकाऱ्यांचीही कुरकूर नसते. फिरायला न्यावे ते भर दिवसा, आणि जॅकेट असले तरी पट्टा सोडू नये. बंदुकीच्या आवाजाने बुजलेला कुत्रा हाकेला थांबत नाही. रानात टाकलेल्या हरणाच्या आतड्यांत शिशाचे कण असू शकतात. कुत्र्याने ती खाल्लीच, तर उलटी होण्याची वाट न पाहता पशुवैद्याला गाठावे.