सेकंडहँड गाडीची वॉरंटी: डीलर ‘हे यात बसत नाही’ म्हणाला तर?

सेकंडहँड गाडी घेतली की पहिले काही दिवस मजेत जातात. मग एखाद्या सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, गाडी झटके द्यायला लागते आणि ‘एक वर्ष टेन्शन नाही, वॉरंटी आहे’ म्हणणारा डीलर फोनवर सांगतो, ‘अहो, हा पार्ट वॉरंटीत बसत नाही.’ असं भांडण कोणाच्या बाजूने जाणार, हे बऱ्याचदा तुमच्या फोनमध्ये काय साठवलंय यावर ठरतं. म्हणून हा विषय इथे घेतोय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘३० दिवसांत गाडी परत करता येते’ असे रील्स तुम्ही पाहिले असतील. ते ब्रिटनचं आहे. तिथल्या २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यात डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाडीलाही ही सोय आहे. (तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी ती जरूर वापरावी.) आपल्याकडे सदोष गाड्यांसाठी असा वेगळा कायदा नाही. आपल्या हातात आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तो जुन्या मालाला वगळत नाही, पण दोष होता हे दाखवायची जबाबदारी मुख्यतः तुमच्यावर येते.

‘गिअरबॉक्स कव्हर आहे’ म्हणजे नेमकं काय?

माझ्या एका मित्राने पिंपरी-चिंचवडच्या एका डीलरकडून साडेचार लाखांची एएमटी हॅचबॅक घेतली. वॉरंटी ६ महिने, ‘इंजिन आणि गिअरबॉक्स’. तेविसाव्या दिवशी गाडी सिग्नलला न्यूट्रलमध्ये अडकली, गिअर पडेचना. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. टो करून अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली, तर निदान आलं: अ‍ॅक्च्युएटर गेलाय, खर्च ४० हजारांच्या वर. डीलरचं उत्तर: ‘गिअरबॉक्स ठणठणीत आहे. अ‍ॅक्च्युएटर वेगळा पार्ट.’

तांत्रिकदृष्ट्या तो अगदीच खोटं बोलत नव्हता. एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तुमच्या पाया-हाताऐवजी एक यंत्रणा करते. तिला कॉम्प्युटर हुकूम देतो आणि ती बाहेरून बसवलेली असते. हाच अ‍ॅक्च्युएटर. आणि वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात होतं, ‘गिअरबॉक्समधील तेलात चालणारे अंतर्गत भाग’. अ‍ॅक्च्युएटर त्यात येत नाही. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर हे तर झिजणारे भाग म्हणून जवळपास प्रत्येक वॉरंटीत वगळलेलेच असतात.

मग मित्राने जुनं चॅट उघडलं. टोकन देण्याआधी त्याने सहज विचारलं होतं, ‘ऑटोमॅटिक सिस्टीमला काही झालं तर?’ सेल्समनचं उत्तर होतं, ‘गिअरची सगळी सिस्टीम कव्हर आहे सर, बिनधास्त घ्या.’ या एका ओळीने सगळा रंग पालटला. कारण मालाच्या दर्जाबद्दल किंवा वॉरंटीबद्दल दिशाभूल करणारं विधान करणं ही २०१९च्या कायद्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. वाद आता छापील वाक्याच्या अर्थाचा राहिला नाही, विक्रीच्या वेळी काय सांगितलं याचा झाला. लेखी नोटिशीत ते उत्तर तारखेसह गेल्यावर डीलरने पार्टचा खर्च उचलला, मजुरी मित्राने भरली. कोर्टकचेरीची पायरी चढावी लागली नाही.

तेव्हा तोंडी आश्वासन मिळालं की घरी येऊन एक मेसेज टाका: ‘आज तुम्ही सांगितलंत की अमुक अमुक वॉरंटीत आहे, बरोबर ना?’ उत्तरात नुसतं ‘हो सर’ आलं तरी चालेल. यात भांडखोरपणा काही नाही. कॉल रेकॉर्डिंग शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

डीलर कागदावर आहे तरी का?

माझ्या मते खरी मेख इथे आहे. बरेच छोटे डीलर गाडी स्वतःच्या नावावर कधी घेतच नाहीत. आरसी जुन्या मालकाकडून थेट तुमच्या नावावर होते, बिल मिळत नाही, हातात येते ती फक्त ‘डिलिव्हरी नोट’. पुढे वाद झाला की डीलर म्हणतो, ‘मी नुसता मध्यस्थ, विकणाऱ्याशी बोला.’

यावर दोन उपाय आहेत. पहिला, पैसे डीलरच्या फर्मच्या खात्यावरच पाठवा, यूपीआय किंवा बँक ट्रान्सफरने, आणि शेऱ्यात गाडीचा नंबर लिहा. पैसे कोणी घेतले याला तो पुरावा होतो. रोख दिल्यास थोडी सूट मिळते खरी, पण त्या बदल्यात तुम्ही हा पुरावा गमावता. दुसरा, बिल मागाच. विकलेल्या मालाचं बिल न देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित व्यापारी प्रथाच आहे.

शिवाय १ एप्रिल २०२३पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी वेगळी तरतूद आली आहे. डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९-सी भरून परिवहन पोर्टलवर तशी सूचना द्यायची, आणि मग विक्री होईपर्यंत डीलरच त्या गाडीचा मालक मानला जातो. गाडी बघायला गेल्यावर सरळ विचारा, ‘तुमचं अधिकारपत्र दाखवता का? हिचा २९-सी भरलाय का?’ समोरचा गोंधळला, तर वॉरंटीच्या वेळी काय होईल याचा अंदाज तिथेच येतो.

दोष आधीपासून होता, हे कसं दाखवायचं?

डीलरचा दुसरा आवडता बचाव म्हणजे ‘गाडी दिली तेव्हा ओके होती, तुम्ही बिघडवली.’ इथे ओबीडी कामाला येतं. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात छोटा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर लावून फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं अ‍ॅप उघडलं की इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये साठलेले फॉल्ट कोड दिसतात. उदाहरणार्थ, पी०३०० म्हणजे सिलिंडर अधूनमधून मिसफायर होताहेत, पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही.

पण कोड पुसणं एका बटणाचं काम आहे, आणि विक्रीआधी ते पुसणारेही असतात. म्हणून कोडपेक्षा मला आणखी एक आकडा जास्त आवडतो: ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’. बहुतेक अ‍ॅपमध्ये तो दिसतो. गाडी ५८ हजार किलोमीटर चाललेली आणि हे अंतर फक्त १२ किलोमीटर, म्हणजे मेमरी नुकतीच साफ झाली आहे. काही गाड्यांत बॅटरी काढली तरी हा आकडा शून्यावर येतो, त्यामुळे एवढ्याने फसवणूक सिद्ध होत नाही. पण ‘परवाच का साफ केलं?’ हा प्रश्न विचारायला जागा मिळते. टेस्ट ड्राइव्हच्या वेळीच या स्क्रीनचा फोटो घ्या. मीटर मागे फिरवल्याचा संशय असेल, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुनी सर्व्हिस हिस्ट्री काढायचा प्रयत्न करा. प्रत्येक भेटीचं रीडिंग तिथे तारखेसह असतं.

बिघाड झाल्यावर मात्र गाडी गल्लीतल्या ओळखीच्या मेकॅनिककडे उघडू नका, तो कितीही हुशार असला तरी. एकदा इंजिन खोललं की ‘तुमच्याच मेकॅनिकने बिघडवलं’ म्हणायला डीलर मोकळा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पैसे भरून तपासणी करा आणि निदान जॉब कार्डवर लिहून घ्या. दुरुस्तीआधी डीलरला लेखी कळवा: येऊन बघा, अमुक दिवसांत काय करणार ते सांगा.

स्क्रीनशॉट आणि मूळ फोन

स्क्रीनशॉट काढला की काम झालं असं आपल्याला वाटतं. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून निघालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये हा मुद्दा स्पष्ट केला होता. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची असेल तर सोबत ठरलेलं प्रमाणपत्र हवं. मूळ उपकरणच हजर केलं तर त्याची गरज नाही. आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मध्ये हे प्रमाणपत्र आहे आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसाच समजा: फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो.

ग्राहक आयोग दिवाणी कोर्टाइतका पुराव्याच्या नियमांत अडकत नाही. तरीही वाद मिटेपर्यंत तो फोन विकू नका किंवा रीसेट करू नका. त्या चॅटमधलं ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ बंद करा. चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा. आणि फोटो-व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवले की त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. ती टिकवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

तक्रार कुठे आणि किती खर्चात?

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. ती डीलरपर्यंत पोचवली जाते आणि मोठ्या साखळीतल्या डीलरांकडून बऱ्याचदा तेवढ्यावरही हालचाल होते. हेल्पलाइन निकाल देऊ शकत नाही, एवढं लक्षात ठेवा.

मग जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क शून्य, ५ ते १० लाखांना २०० रुपये. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो आणि वकील सक्तीचा नाही. तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडेही जाता येतं. म्हणजे गाडी मुंबईतून घेतली आणि राहता नाशिकला, तरी मुंबईला खेटे घालायची गरज नाही. मुदत आहे २ वर्षं, वादाचं कारण घडल्यापासून. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. दोषासाठी तपासणी लागणार असेल तर आयोग ती करायला सांगू शकतो. प्रकरण ३ ते ५ महिन्यांत संपवावं असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात त्याहून वेळ लागतो याची मनाची तयारी ठेवा.

हे सगळं डीलरकडून घेतलेल्या गाडीसाठी. शेजारच्या काकांनी किंवा ऑनलाइन जाहिरात देणाऱ्या एखाद्या खासगी मालकाने स्वतःची गाडी विकली, तर ते व्यापारी नाहीत आणि ग्राहक आयोगाची वाट तिथे चालत नाही. मुद्दाम काही लपवलं असेल तर करार कायद्याखाली दिवाणी कोर्टात जावं लागतं. तिथे पैसा आणि वेळ दोन्ही जास्त. त्यामुळे खासगी मालकाकडून घेताना आधीच मेकॅनिकला सोबत न्या आणि ओबीडीचा अ‍ॅडॅप्टर खिशात ठेवा.