माहिती सापडली, पण पारखली का?

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली अनेक मुले-मुली आज महाविद्यालयांत शिकत आहेत. हाती मोबाईल आहे. पण पुष्कळांच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही. म्हणून माहिती शोधणे, पारखणे आणि प्रामाणिकपणे वापरणे, म्हणजेच माहिती साक्षरता, हा आम्ही समान संधीचा प्रश्न मानतो.

ही साक्षरता मोजायची कशी? ‘तुम्हाला माहिती शोधता येते का?’ असे विचारून कळतो तो आत्मविश्वास. कौशल्य प्रत्यक्ष कामातच दिसते. इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्ही एक कसोटी सुचवतो. विद्यार्थ्याने माणगाव परिषदेवर दहा ओळी लिहाव्यात आणि प्रत्येक विधान कोठून घेतले ते नोंदवावे.

पहिली पायरी शोधाची. नुसते ‘माणगाव’ शोधले, तर रायगड जिल्ह्यातील माणगावही समोर येते. परिषद झाली ती आजच्या हातकणंगले तालुक्यातील माणगावात. हा फरक ध्यानात आला का?

दुसरी पायरी पडताळणीची. परिषद २१ व २२ मार्च १९२० रोजी झाली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि राजर्षी शाहू महाराज तेथे उपस्थित राहिले. हा तपशील दोन स्वतंत्र साधनांत ताडून पाहिला का? एकाच मजकुराच्या दहा नकला म्हणजे दहा पुरावे नव्हेत.

तिसरी पायरी साधनांच्या प्रतवारीची. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेले ‘मूकनायक’ हे त्याच काळाचे साधन. निनावी संदेशाला ते मोल नाही. चौथी पायरी श्रेयाची: दुसऱ्याचे वाक्य त्याच्याच नावे लिहिले का?

प्रत्येक पायरीला स्वतंत्र गुण द्यावेत. केवळ बेरीज पाहिली, तर विद्यार्थी कोठे अडला ते कळत नाही. शोधात अडलेल्यास ग्रंथपालाने, पडताळणीत अडलेल्यास शिक्षकाने हात द्यावा आणि वर्षअखेरीस नव्या विषयावर हीच कसोटी पुन्हा घ्यावी.

बाबासाहेबांच्या नावावर खपवलेली वाक्ये आपणही कधी श्रद्धेने पुढे पाठवतो. ऐकीव गोष्ट केवळ ऐकीव म्हणून स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. तेव्हा पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी घरात एक प्रश्न रुजवावा, अशी आमची विनंती आहे: ‘हे कोठून घेतले?’