फोनवर आलेला खोटा पोलीस

या वेळी वसतिगृहाचा नेहमीचा अहवाल बाजूला ठेवून एका वेगळ्याच संकटाविषयी लिहितो आहे. ते आपल्या कोणाच्याही घरात येऊ शकते.

आमच्या वसतिगृहात राहून पोलीस भरतीची तयारी करणारा सातपुड्यातला एक मुलगा दोन दिवस संध्याकाळच्या प्रार्थनेला आला नाही. जेवायलाही नाही. आईवडील ऊसतोडीला गुजरातेत. मी खोलीत गेलो तेव्हा त्याने फोन उशीखाली सरकवला. बऱ्याच वेळाने तो बाहेर काढला. पडद्यावर अशोकस्तंभ, खाली ‘पोलीस सायबर विभाग’, त्याखाली समोरच्या कॅमेऱ्याने टिपलेला त्याचा स्वतःचा घाबरलेला चेहरा. मजकूर असा, की या फोनवर अश्लील चित्रे पाहिली गेली आहेत, फोन बंद करण्यात आला आहे, सहा तासांत दंड भरा नाहीतर अटक. काहीही दाबले तरी तेच पान पुन्हा वर येई. मित्राच्या फोनवरून त्याने दोन हजार रुपये भरले होते. फोन उघडला नाही, उलट आणखी तीन हजारांची मागणी आली.

माझा पहिला प्रश्न होता, “तू बघत काय होतास?” तो गप्प झाला आणि पुढचा अर्धा तास एक शब्द बोलला नाही. चूक माझी होती. या फसवणुकीचे सगळे बळ त्याच प्रश्नात आहे. ज्याने काही पाहिले तो लाजेने बोलत नाही, ज्याने पाहिले नाही त्याला वाटते की आपल्यावर कोण विश्वास ठेवणार. त्यातून ज्याच्या पाड्यावर पोलिसांची गाडी येणे म्हणजे आजवर अडचणच, आणि ज्याला उद्या भरतीसाठी चारित्र्य पडताळणी द्यायची आहे, तो तर पैसेच भरणार.

ही युक्ती जुनी आहे. २०१२ च्या सुमारास ‘रेव्हेटन’ नावाचा प्रोग्राम युरोप-अमेरिकेतल्या संगणकांत शिरू लागला. संगणक कोणत्या देशात आहे ते ओळखून तो त्या देशाच्या पोलिसांचे चिन्ह दाखवी: ब्रिटनमध्ये लंडनचे पोलीस, अमेरिकेत एफबीआय. दंड दुकानात मिळणाऱ्या प्रीपेड कुपनांनी भरायला सांगत, म्हणजे माग लागू नये. पैसे भरूनही संगणक सुटत नसे. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्पेनच्या पोलिसांनी युरोपोलच्या साहाय्याने या धंद्यातली एक टोळी पकडल्याचे जाहीर केले. २०१४ मध्ये ‘कोलर’ नावाने तोच प्रकार अँड्रॉइड फोनवर आला, व्हिडिओ प्लेयरचे सोंग घेऊन. आपल्याकडेही २०२१ मध्ये दिल्ली पोलिसांनी बनावट पोलीस नोटिसा दाखवून तीन हजार रुपयांचा ‘दंड’ उकळणाऱ्यांना अटक केली होती.

खोटे ओळखायला कायद्याचा अभ्यास नको. पोलीस कोणाचा फोन बंद करून त्याच पडद्यावर दंड मागत नाहीत. गुन्ह्याचा दंड न्यायालय ठरवते, आणि तो कोणाच्या यूपीआय नंबरवर जात नाही. (वाहनाचे ई-चलान मेसेजने येते हे खरे, पण त्यात कुठलेही ॲप घालायला सांगत नाहीत. चलानाच्या नावाने एपीके फाइल आली तर ती उघडूच नका.) तासांची मुदत, उलटे चालणारे घड्याळ आणि ‘कोणाला सांगू नका’ हे तिन्ही दिसले की समजावे.

आता उपाय. आधी दुसऱ्या फोनने त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा, तक्रारीला लागतो. पैसे भरू नका.

पुष्कळदा ते फक्त एक वेब पान असते. संगणकावर असेल तर एस्केप बटण काही क्षण दाबून धरा, नाहीतर कंट्रोल, आल्ट आणि डिलीट एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना ‘आधीची पाने परत आणू का’ असे विचारले तर नाही म्हणा. फोनवर ब्राउझर अलीकडच्या ॲपच्या यादीतून सरकवून काढा आणि सेटिंग्जमध्ये जाऊन त्याचा साठवलेला डेटा पुसा.

फोन बंद करून चालू केला तरी पान परत येत असेल, तर आत ॲप बसले आहे. आमच्या मुलाचे तसेच होते. फोन ‘सेफ मोड’मध्ये चालू करावा लागतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवरचे बटण दाबून धरल्यावर येणारा ‘पॉवर ऑफ’ हा पर्याय बोटाने दाबून धरला की सेफ मोडची विचारणा होते. काही कंपन्यांची रीत वेगळी असते. या मोडमध्ये आपण बाहेरून घातलेली ॲप चालत नाहीत, म्हणून पडदा मोकळा होतो. मग सेटिंग्जमधल्या सुरक्षा विभागात ‘डिव्हाइस ॲडमिन’ची यादी पाहा. अनोळखी नावाला तिथे अधिकार दिलेला असेल तर तो आधी काढा; तो असेपर्यंत ॲप निघत नाही. नंतर ॲप काढा, प्ले प्रोटेक्टने तपासणी करा, बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला. एवढ्यानेही जमले नाही तर फोन पूर्ण रिसेट करणे उरते. त्यात फोटो जातात आणि नंतर गुगल खात्याचा पासवर्ड लागतो, म्हणून तो आजच वहीत लिहून ठेवा.

त्याच्या फोनमधून निघालेल्या ॲपचे नाव होते ‘व्हिडिओ प्लेयर’. ते कुठून आले, मी विचारले नाही.

पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम वाटेतच थांबवली जाण्याची आशा जास्त. आम्हाला दोन दिवस उशीर झाला होता. तरी तक्रार नोंदवली आणि ठाण्यातही गेलो. दारातून आत यायला तो तयार नव्हता. हवालदारांनी त्याला खुर्ची दिली, फोटो पाहिला आणि विचारले, “भरतीला धावतोस का? सोळाशे मीटरला किती वेळ लागतो?”

दोन हजार अजून परत आलेले नाहीत. मैदानी चाचणीची तारीख यायची आहे. त्याच्यासाठी आपल्या प्रार्थनेत आठवण असू द्या.