पाणथळीची सीमा आखणारा शास्त्रज्ञ

ओली जमीन कोठे संपते आणि कोरडी कोठे सुरू होते, असे कोणी विचारल्यास आपण सहसा पाण्याच्या काठाकडे बोट दाखवू. परंतु भर उन्हाळ्यात, पाण्याचा टिपूसही नसताना तोच प्रश्न विचारला तर? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याचे उत्तर देणे हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. तो करणाऱ्यास पाणथळशास्त्रज्ञ म्हणतात, आणि त्यांपैकी पुष्कळजण खासगी सल्लागार संस्थांत काम करतात.

या व्यवसायाचे मूळ कायद्यात आहे. १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याच्या ४०४ व्या कलमान्वये, त्याच्या कक्षेतील पाणथळीत भराव घालावयाचा तर लष्कराच्या अभियंता दलाचा परवाना लागतो. म्हणून घरे किंवा गोदामे बांधू इच्छिणाऱ्यास आपल्या जमिनीतील पाणथळ भाग कोणता, हे आधी ठरवून घ्यावे लागते. अभियंता दलाने १९८७ साली काढलेल्या पुस्तिकेत त्यासाठी तीन साक्षी मागितल्या आहेत : वनस्पतींची, मातीची आणि पाण्याची.

पाणकणीस ओलीवाचून सहसा वाढत नाही, तर तांबडा मेपल ओल्या व कोरड्या अशा दोन्ही जागी तग धरतो. त्यामुळे वनस्पतींची पाच वर्गांत विभागणी केलेली असते.

मातीची साक्ष अधिक बोलकी. शास्त्रज्ञ गिरमिटाने हातभर खोल माती काढतो आणि ढेकूळ फोडून त्याचा रंग एका रंगपुस्तिकेशी ताडून पाहतो. मन्सेल नामक अमेरिकन चित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी रचलेली ही रंगपद्धती आज चिखलात अधिक वापरली जात असेल! माती दीर्घकाळ पाण्याने भरून राहिली की तिच्यातील प्राणवायू संपतो. मग जीवाणू श्वसनासाठी तांबूस लोहसंयुगांचा आधार घेतात. लोह विद्राव्य होऊन पाण्याबरोबर निघून जाते आणि मागे करडी माती उरते. मुळांच्या वाटेने जेथे हवा शिरते तेथे मात्र गंजासारखे ठिपके उमटतात. आपल्याकडे भातखाचरातील रोप उपटून मुळांवरील तांबूस लेप पाहणाऱ्या शेतकऱ्यास हा प्रकार नवा वाटणार नाही.

मात्र मातीची स्मृती फार लांब असते. चर खणून कित्येक वर्षांपूर्वी निचरा केलेली जमीनही करडीच राहते. पाणी अद्याप तेथे येते काय, याची साक्ष वेगळी घ्यावी लागते ती यासाठीच. तिन्ही जुळल्यावर तो सीमेवर रंगीत फिती बांधीत जातो.

या कामात येणारे तरुण बहुधा जीवशास्त्राचे वा मृदाशास्त्राचे पदवीधर असतात. आरंभी त्यांच्या वाट्याला फावडे वाहणे, डास आणि नोंदवह्या येतात. व्यावसायिक पाणथळशास्त्रज्ञ हे प्रमाणपत्र मिळण्यास निदान पाच वर्षांचा अनुभव लागतो. खरी कसोटी निराळीच आहे. त्याचे वेतन ज्याच्या पैशातून येते त्या जमीनमालकाला पाणथळ कमी भरलेली हवी असते. फीत दहा पावले सरकली तर एखाद्या घराची जागा वाचते. अभियंता दलाचा अधिकारी मात्र त्याच फितीशेजारी स्वतः खड्डा खणून पाहू शकतो. ज्याच्या फिती अशा तपासणीत जागच्या हलत नाहीत, त्याच्या शब्दाला दोन्हीकडे किंमत येते.

२०२३ च्या मे महिन्यात या व्यवसायाखालची भूमीच हलली. आयडाहो राज्यातील प्रीस्ट सरोवराजवळच्या एका भूखंडाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, नद्या-सरोवरांसारख्या कायम स्वरूपाच्या पाण्याशी पृष्ठभागावरून अखंड जोडलेल्या पाणथळींनाच केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे. शास्त्रदृष्ट्या पाणथळ असलेली पुष्कळ जमीन त्यामुळे कायद्याबाहेर पडली. काही राज्यांचे कायदे तिला सांभाळतात. कोलोरॅडोने २०२४ मध्ये आपला नवा कायदा केला. गिरमिट आणि रंगपुस्तिका तीच राहिली आहे. परंतु खड्डा तपासून झाल्यावर शास्त्रज्ञाला आता ओहोळाच्या कडेने चालत जावे लागते आणि पाणी पुढे कशास मिळते, वाटेत कोठे तुटते, हे पावलागणिक लिहून ठेवावे लागते.